ताईच्या मापाचं जाकीट

रविवारी अण्णांच्या शिंपीकामाच्या दुकानाला कुलूप असतं. पण त्या रविवारी शटर अर्धं वर होतं आणि मास्तर ट्रायलरूममध्ये थोरल्या बहिणीसाठी, ताईसाठी, पलंग बसवत होता. मास्तर म्हणजे अण्णांचा एकुलता एक मुलगा. कटिंगच्या टेबलाशी उभा राहायला लागला तेव्हापासून घरातलेही त्याला मास्तरच म्हणायला लागले, बायकोसकट. खोली तशी ऐसपैस, तीन भिंतींना आरसे, चौथ्या बाजूला जाड पडदा. पण मधोमध गिऱ्हाइकाला उभं करून कपडा बघायचा लाकडी चौथरा होता. तो हलवल्याशिवाय पलंग मावेना आणि तो हलवायला अण्णा तयार होईनात.

"पलंग आडवा लाव."

"आडवा लावला तर ताईनं पाय आरशात घालून झोपायचं का, अण्णा?"

"मग चार दिवस वरच्या खोलीतच झोपू दे तिला."

"वर? जिना चढून? अहो, खुब्यात सळई घातलीय तिच्या."

अण्णांची एक खोड होती. वाद हातचा जायला लागला की ते चहा मागायचे. "चहा सांग," ते म्हणाले, आणि चौथरा एकदाचा भिंतीला लागला.

ताई पडली ती याच चौथऱ्यावरून. एका हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलींसाठी जाकिटांची मोठी ऑर्डर मिळाली होती. नमुन्याचं जाकीट ताईच्या अंगावर चढवलं होतं आणि मास्तर गुडघ्यावर बसून खडूनं खुणा करत होता. "जरा डावीकडे वळ," तो म्हणाला. ताई वळली आणि खाली आली. "पडल्यामुळे हाड मोडलेलं नाही," हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाड आधी मोडलं, म्हणून त्या पडल्या." मास्तरनं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा अण्णांनी निकाल देऊन टाकला, की शिकलेली माणसं कायम उलटंच बोलतात.

आता चौथऱ्यावर ताईच का, तर त्याला जुनं कारण होतं. दुकान खिडकीएवढं होतं त्या काळात अण्णांना कपडे चढवून बघायचा पुतळा घेणं जमत नव्हतं. थोरली मुलगी मात्र अंगानं सरळ होती आणि सांगितलं की उभी राहत होती. सोळाव्या वर्षी ताई त्या चौथऱ्यावर चढली, ती पन्नाशी उलटली तरी उतरली नव्हती. प्रत्येक नमुना आधी तिच्या अंगावर बसवायचा, मग बाकीच्या साइझी काढायच्या, ही इथली रीत. "टेप सैल पडेल, पण आमच्या ताईचं माप हलायचं नाही," अण्णा गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि गिऱ्हाईक ताईकडे कौतुकानं बघायचं. एवढं कौतुक अण्णांनी दुसऱ्या कुणाचंच केलं नाही. मास्तरचं तर नाहीच नाही.

हॉटेलची मॅनेजरबाई उद्या जाकीट बघायला येणार होती, आणि ती हँगरवर बघणार नव्हती, अंगावर बघणार होती. कुणीतरी उभं राहायला हवं. अण्णांनी कुणालाही न विचारता ठरवून टाकलं: चिमणी. मास्तरची मुलगी, सतरा वर्षांची, आत्यासारखीच सरळ. "घरचंच रक्त आहे," ते म्हणाले. "ताई बसून शिकवेल, चिमणी उभी राहील. यापुढे तीच." चिमणीच्या आईनं, म्हणजे वहिनीनं, हे ऐकून ओट्यावर पातेलं आदळलं ते मास्तरनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

*

ताईला घेऊन आली ती धाकटी. ही सगळ्यांत लहान बहीण. कात्रीला हात लावणार नाही असं तिनं शाळेत असतानाच जाहीर केलं होतं आणि आता तिची स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल होती. गाडीच्या टपावर 'शिकाऊ' असा भला मोठा बोर्ड होता.

"पेशंट आणायला यासारखी गाडी नाही," दार उघडत ती म्हणाली. "लोक आपोआप बाजूला होतात. घाबरून."

ताई हसली. हसताना तिनं सवयीनं तोंडावर हात धरला. तिचे दात झिजून बारीक झाले होते, ते दिसू नयेत म्हणून ती असं करायची, आणि घरच्यांना वाटायचं ताई लाजाळू आहे. बाहेर ऊन मी म्हणत होतं, तरी तिच्या अंगावर स्वेटर होता आणि स्वेटरवर शाल. थंडी तिला बारा महिने वाजायची. वॉकर पुढे सरकवत ती ट्रायलरूममध्ये आली, तिन्ही आरशांत तीन ताया आल्या, आणि ती म्हणाली, "हे आरसे झाका रे कुणीतरी."

"का गं?" अण्णांनी विचारलं.

"झोप लागणार नाही."

मास्तरनं अस्तराच्या कापडाचं थान आणून तिन्ही आरसे झाकले. मग त्याला आठवलं, की नर्सनं जखमेजवळचा कपडा मोकळा ठेवायला सांगितलंय. त्यानं बारीक कात्री घेतली, ताईनं ड्रेस थोडा वर सरकवला आणि खालचा आतला झगा मास्तरपुढे आला.

हा झगा त्यानंच शिवलेला. पातळ कापडाचे दोन थर, मधे कापूस, वर बारीक धावदोरा. ताईला थंडी वाजते म्हणून, असं दोघांमध्ये ठरलेलं होतं. खरी गोष्ट अशी, की कधीतरी ट्रायलचे कपडे ताईच्या अंगावर ढगळ व्हायला लागले. शिंप्याच्या घरातलं माणूस ढगळ कपड्यात उभं राहिलं तर दुकानाची अब्रू जाते. त्यातून अण्णांना कळलं असतं तर आरडाओरडा झाला असता. म्हणून मास्तरनं गुपचूप हा झगा शिवला. कमरेला थोडा कापूस, पाठीला थोडा, खांद्याला थोडा, नेमका जुन्या मापापर्यंत. दर एक-दोन वर्षांनी ताई आणखी आत जायची आणि तो आणखी एक थर घालायचा. "कुणाच्या बापाला कळणार नाही," तो म्हणायचा, आणि दोघंही हसायचे, कारण बाप एकच होता.

शिवण उसवत तो कमरेपर्यंत आला. कापूस सगळा बाजूला झाला आणि खाली ताई होती.  मास्तर मागे सरकून चौथऱ्यावर बसला.

"ताई."

"हं."

"मला कळत होतं गं. हाताला कळत होतं. पण मी कपड्याकडेच बघत राहिलो."

"तू फार छान शिवलंस रे."

"तेच तर," मास्तर म्हणाला, आणि त्याला रडू आलं. ताईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिचा हात बर्फासारखा गार होता.

*

धाकटीनं सगळ्यांना कटिंगच्या टेबलाभोवती बोलावलं. मधे नुसता पडदा, तेव्हा ताईला सगळं ऐकू जाणार हे सर्वांना माहीत होतं, तरी सगळे हळू आवाजात बोलत होते.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मी सांगते. मधे कुणी बोलायचं नाही. अण्णा, तुम्हीसुद्धा."

"मी कुठं बोललो?"

"बोलणार होतात." धाकटीनं श्वास घेतला. "ताईची हाडं ऐंशी वर्षांच्या बाईसारखी झालीत. आज खुबा गेला, उद्या मणका जाईल. हृदय इतकं हळू चालतं, की रात्री मशीन वाजायचं आणि नर्स धावत यायची. रक्तातले क्षार कमी आहेत. पाळी तर तिची विशीतच गेली, तेव्हापासून हाडांना जे मिळायला हवं ते मिळालंच नाही."

पाळीचं नाव निघताच अण्णांनी छताकडे बघायला सुरुवात केली होती.

"आणि हे गेल्या महिन्यात झालेलं नाही. याला आजार म्हणतात. खाण्याचा आजार. अनोरेक्सिया त्याचं नाव. जेवढा शरीराचा तेवढाच डोक्याचा."

"डोक्याचा?" अण्णा छतावरून खाली आले. "अख्ख्या दुकानाचा माल तिच्या डोक्यात असतो. कुठल्या कपाटात कुठलं बटण, विचार तिला. खात नाही एवढंच ना? मग खायला घाला. दूध द्या, अंडी द्या. महिन्याभरात पळायला लागेल."

"एकदम भरवलं तर हृदय बंद पडू शकतं, अण्णा. इतकी वर्षं उपाशी राहिलेल्या माणसाला हळूहळूच वाढवावं लागतं, रोज रक्त तपासून. त्यांचा वेगळा वॉर्ड आहे त्याच्यासाठी. आहारतज्ज्ञ असते, मनाचे डॉक्टर असतात. काही महिने लागतील. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही, असं त्या म्हणाल्या."

"म्हणजे मुलीला वेड्यांच्या दवाखान्यात टाकायची."

"अण्णा!"

एरवी अशा वेळी मास्तर अण्णांच्या बाजूनं बोलायचा. आज तो खडूचा तुकडा बोटांत फिरवत बसला होता. आणि एरवी धाकटीचं नि वहिनीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य; पण आज वहिनी उठली, धाकटीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ती म्हणते ते बरोबर आहे."

अण्णांनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "तुमचं दोघींचं एकमत झालं? मग नक्कीच काहीतरी वाईट घडणार आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी चहा मागितला.

*

चहा करायला वहिनी मागच्या स्वयंपाकघरात गेली आणि धाकटी तिच्या मागोमाग गेली.

"वहिनी, तुला माहीत होतं ना?"

"ताट घासणाऱ्याला काय माहीत नसतं?" वहिनीनं गॅस पेटवला. "लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, माझा स्वयंपाकच त्यांना आवडत नाही. रडायचे मी. मग लक्षात आलं, या बाईला स्वयंपाकाची भारी हौस. जग जेवायला घालतील, नवीन काहीतरी करून बघतील, प्रत्येकाच्या ताटात दोनदा वाढतील. आणि स्वतः? 'मी मघाशी खाल्लं.' 'माझं पोट जड आहे.' भाताखाली भाजी लपवायची, रुमालात ब्रेड गुंडाळायचा. आणि त्यात कुणी म्हणालं, ताई, घास घ्या, की असा चेहरा करायच्या, जसा काही आपणच गुन्हा केलाय."

"मास्तरला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. एकदा. म्हणाले, ताईच्या भानगडीत पडू नकोस. मग मी मूग गिळून बसले." वहिनी चहाकडे बघत राहिली. तिला आणखी काही सांगायचं होतं. चिमणी हल्ली टोस्टचे तुकडे करते आणि तुकड्यांचे तुकडे करते. जेवणाआधी तांब्याभर पाणी पिते. जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडते. रोज वहिनी स्वतःला सांगायची, परीक्षेचं टेन्शन असेल.  घरात एक असं असताना दुसरं तसंच निघावं, हे तोंडातून काढलं तर खरं होईल असं तिला वाटत होतं. "साखर दे," ती धाकटीला म्हणाली.

*

इकडे अण्णांनी चहाची वाट न बघता चिमणीला हाक मारली होती. ऐंशी पार केलेल्या माणसाला उद्याच्या गिऱ्हाइकाची काळजी आज लागते, त्यात नवल नाही. हॉस्पिटल, वॉर्ड, मनाचे डॉक्टर, यांतलं काही त्यांच्या हातात नव्हतं. जाकीट होतं.

"ये गं. घाल बघू."

गडद हिरवं जाकीट चिमणीच्या अंगावर चढलं. खांदे बरोबर बसले. बाह्या बरोबर. अण्णांनी कमरेपाशी दोन्ही कडा जवळ आणल्या, त्या थोड्याशा आधीच थांबल्या.

"श्वास आत घे."

चिमणीनं घेतला.

"आणखी." अण्णांनी चष्मा वर केला. त्यांना नातीचा राग आला नव्हता, ते प्रेमानंच बोलत होते. लहानपणी त्यांच्या घरात ताटं जास्त आणि अन्न कमी होतं. कमी खाणारं माणूस म्हणजे शहाणं माणूस, हे त्यांच्या मनात तेव्हापासून बसलं होतं. "एवढंसं तर कमी पडतंय. जाकीट उत्तम झालंय, त्याला हात लावायचा नाही. तू एक कर. आज रात्री जेवू नकोस. सकाळी नुसता चहा घे. बसतंय बघ. तुझ्या आत्याला मी हेच सांगायचो, तिनं एका शब्दानं उलट उत्तर दिलं नाही कधी."

"बरं, अण्णा," चिमणी म्हणाली.

पडद्याआड ताईनं हे ऐकलं. अण्णांनी तिला पहिल्यांदा असं सांगितलं ती रात्र तिला आठवली नाही, तेव्हाचं स्वतःचं 'बरं' आठवलं. गप्प राहिली तर उद्या सकाळी ही पोरगी उपाशीपोटी चौथऱ्यावर चढणार होती. आणि बोलली तर अण्णांनी आयुष्यभर केलेलं कौतुक एका फटक्यात खोटं पडणार होतं. दुसरं काही तिनं जमवलंच नव्हतं. नवरा नाही, पोर नाही, मैत्रीण नाही. गप्प बसायची तिला सवय होती. पण ती म्हणाली, "अण्णा."

"काय गं? पाणी हवं?"

"चिमणीच्या अंगातलं जाकीट काढा. आणि सगळे आत या."

सगळे आले. वहिनी चहाचा ट्रे घेऊनच आली आणि तो कुठं ठेवायचा हे तिला सुचेना. चिमणी पडद्याशीच थांबली, जाकीट हातावर घेऊन.

"अण्णा, तुम्ही मला पहिल्यांदा म्हणालात, आज रात्री जेवू नकोस, तेव्हा मला आनंद झाला होता," ताई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "सकाळी कपडा बसला. तुम्ही सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटलीत. दुसऱ्या रात्री मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी जेवले नाही. मग ते थांबवता येईना. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक मुकादम बसलाय. डोळा उघडला की हजर. काय खाल्लंस, का खाल्लंस, आता काय खाणार. कधी हावरटासारखं खाऊन टाकायची आणि मग बाथरूममध्ये जाऊन ओकायची. दात त्यानं गेले. केस असेच गेले. आपण म्हणायचो साबण चांगला नाही."

"अगं, पण सांगायचंस तरी," अण्णा म्हणाले.

"काय सांगू? मुकादम सांगू देत नाही. तो म्हणतो, तुझ्याकडे एवढं एकच आहे." तिला धाप लागली होती. "धाकटीच्या लग्नात कुठल्या टेबलावर काय मांडलं होतं ते मला आजही सांगता येईल. ती कशी दिसत होती ते आठवत नाही."

"भयंकर दिसत होते," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "काही गमावलं नाहीस."

"आणि तो बटणांचा व्यापारी."

खोलीत चुळबुळ झाली. बटणांच्या व्यापाऱ्याला ताईनं नकार का दिला, हे कोडं या घरानं वर्षानुवर्षं चघळलं होतं. अण्णांच्या मते त्याचे कान मोठे होते म्हणून.

"किती चांगला होता तो. म्हणाला, लग्नानंतर दर रविवारी आपण बाहेर जेवायला जाऊ. मी रात्रभर जागी होते, अण्णा. दर रविवारी! सकाळी नाही म्हणून कळवलं. मी त्याला नाही म्हणाले नव्हते, मी जेवणाला नाही म्हणाले होते."

अण्णा पलंगाच्या कडेवर बसले. "पण माप..." ते म्हणाले. "इतकी वर्षं माप एकसारखं होतं. आजारी माणसाचं माप एकसारखं कसं राहील?"

ताईनं मास्तरकडे बघितलं. मास्तरनं उसवलेला झगा उचलला आणि अण्णांच्या मांडीवर ठेवला.

"ते माप तिचं नव्हतं, अण्णा. कापसाचं होतं. मी भरत होतो."

अण्णांनी झगा हातात घेतला. बोटं आपोआप टाक्यांवरून फिरली, एक थर, दुसरा, तिसरा. "टाका बारीक घातलायस," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मुलाच्या कामाची तारीफ केली. मग त्यांनी तो कापूस मुठीत दाबला, सोडला, पुन्हा दाबला. वहिनीनं चहा पुढे केला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

"मी तुला उभी करायचो," ते ताईला म्हणाले, "कारण तू माझी सगळ्यांत लाडकी. मला वाटायचं, तुला आवडतं."

"आवडायचं, अण्णा. तीच तर पंचाईत."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला आणि झग्याच्याच कडेनं पुसला. मग त्यांनी मुलाला विचारलं, "जाकिटाच्या बाजूच्या शिवणीत जादा कापड दाबलेलं आहे?"

"आहे."

"मग सोड ते. पोरीच्या अंगाला बसव."

"पोरगी उभीच राहणार नाही," वहिनी म्हणाली. सासऱ्यांसमोर ती इतक्या सरळ पहिल्यांदाच बोलत होती, आणि हातातला ट्रे खुळखुळत होता. "उद्याही नाही आणि नंतरही नाही. दुकानासाठी पुतळा आणा."

"आणतो," अण्णा म्हणाले. "माझे आई, आणतो. तो ट्रे ठेव आधी."

सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. धाकटीनं लगेच संधी साधली. "आणि ताई, तू? वॉर्डचं काय सांगू?"

"नको गं."

"नको म्हणजे?"

"म्हणजे नको. माझं आता काय राहिलंय? गेलं ते गेलं. चिमणी चौथऱ्यावरून सुटली, मला तेवढंच हवं होतं."

धाकटीनं समजावलं, मास्तरनं हात जोडले, अण्णासुद्धा म्हणाले, "जा गं, मी वेड्यांचं वगैरे म्हणालो ते सोड." सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ताई मऊपणे नाही म्हणत राहिली. इतकी वर्षं हेच तर ती करत आली होती. शेवटी धाकटी चिडून बाहेर गेली, तिच्यामागून बाकीचे. कटिंगच्या टेबलाशी कुणीतरी दिवा लावला.

*

चिमणी मागे राहिली. तिनं जाकीट चौथऱ्यावर ठेवलं आणि पलंगाच्या पायथ्याशी बसली.

"आत्या, तू का जात नाहीस?"

मोठ्यांना दिलेलं उत्तर ताईच्या ओठांवर होतं, पण पोरगी डोळ्यांत बघत होती. "भीती वाटते," ती म्हणाली. "ते खायला लावतील. आणि मुकादम गेला तर मागे मी किती उरेन, ते मला माहीत नाही."

चिमणीनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तो मुकादम... बाईच्या आवाजातपण बोलतो का?"

ताई एकदम गार पडली. नेहमीची थंडी नव्हती ती.

"कधीपासून?"

"सुट्टीपासून. अण्णांनी जाकिटाचं सांगायच्या आधीपासून. सगळे म्हणायचे, आत्यासारखी दिसतेस. मला वाटलं, अजून दिसावं."

"बाथरूममध्ये जातेस?"

चिमणीनं मान खाली घालूनच हो म्हटलं.

"आईला सांगितलंस?"

"नाही. तुला सांगतेय."

"चिमणे, ऐक माझं. तुझं अजून काही बिघडलेलं नाही. वर्षं जाऊ द्यायची नाहीत, बास. उद्याच त्या डॉक्टरीणबाईंकडे जा. त्या चांगल्या आहेत, ओरडत नाहीत. धाकटी नेईल तुला, तुझी आई येईल—"

"तू नाही जाणार, आणि मी जायचं?" चिमणी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, ती भांडतही नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "तुला एवढं सगळं झालं, तरी तू नाही म्हणतेस. मग त्यात नक्की काहीतरी वाईट असणार ना, आत्या? मी कशाला जाऊ?"

  ताईच्या डोक्यातला मुकादम नेहमीप्रमाणे बोलायला लागला: नको म्हण, पोरीला काहीतरी गोड बोल आणि झोप. इतकी वर्षं ताई त्याचं ऐकत आली होती, कारण तो एकट्या तिच्याच जिवावर उठला होता. आता तिला त्याचा राग आला, आणि राग इतका नवा होता की तिनं पलंगाची कड घट्ट धरली.

"धाकटे!" ती ओरडली.

ताई ओरडलेली या घरानं कधी ऐकली नव्हती. पडदा ओढला गेला आणि सगळे एकदम आत घुसले, अण्णा सगळ्यांत पुढे.

"काय झालं? दुखतंय का?"

"फोन लाव त्या डॉक्टरीणबाईंना. आत्ता."

"लावते, लावते. काय सांगू?"

"म्हणावं, आम्ही दोघी येतोय."

धाकटी फोन हातात धरून तशीच उभी राहिली. "दोघी? दुसरी कोण?" अण्णांनी विचारलं, आणि मास्तर बायकोकडे बघायला लागला.  वहिनी मात्र पुढे आली आणि पलंगावर पोरीला लागून बसली.